व्हर्लीन मिसबरोबर कोण जाणार?

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये काय बोलायचं ते ठरलेलं असतं. "हाऊ आर यू?" "फाइन, फाइन. यू?" "फाइन." मग सगळेजण दारावरचे आकडे बदलताना बघत राहतात, जणू दहावीचा निकाल लागतोय. इकडे एमिरेट्समध्ये, आमच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या सगळ्याच टॉवरांत हेच चालत असणार. आमच्याकडे ते बंद पडलं, कारण आठव्या मजल्यावर व्हर्लीन मिस राहायला आली.

पहिल्याच भेटीत तिने आईला विचारलं, "हाऊ यू फीलिन, हनी?" आईच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. ती म्हणाली, "फाइन, फाइन." आठवा मजला आला. मिस उतरली आणि दारातच उभी राहिली. आम्हालाही तिथेच उतरायचं होतं, पण ती हलेना. दार मिटायला यायचं, तिच्या दंडाला लागायचं आणि घाबरून परत उघडायचं.

"फाइन ऐकाया न्हाय इचारलं म्या, बाय. कशी हाईस त्ये सांग."

हे ती अर्थात इंग्रजीत म्हणाली. पण मिस अमेरिकेतल्या जॉर्जियाची, तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीत वाढलेली. तिचं इंग्रजी बातम्या देणाऱ्या बाईचं नाही. ते ऐसपैस आहे, शब्दांची टोकं खाऊन टाकतं आणि एकेका स्वरावर मांडी घालून बसतं. मी तिची नक्कल मराठीत करायला गेले की आपोआप माझ्या कराडच्या आत्याचा आवाज निघतो. पुणेरी मराठी घालून बघितलं मी तिला. दंडात घट्ट होतं.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लिफ्टच्या छताकडे. आणि जे बाबांनाही सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईला सांगून टाकलं. "नी. लेफ्ट नी. सिन्स मार्च."

"आस्सं," मिस म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

तर अशी ही बाई. दुसऱ्याच्या दुखण्याचा पत्ता काढण्यात एकदम तरबेज. आमच्या मजल्यावरच्या बायकांना तिने दंडाला धरून तपासणीला नेलं. आणि स्वतः मात्र आयुष्यात एकदाही गेली नव्हती. ती जाणार की नाही, या एका प्रश्नावर आमच्या घरातला अख्खा नोव्हेंबर गेला.

मिस एका अमेरिकन शाळेत चौथीला शिकवते. वय एकोणपन्नास. उंची अशी की आमच्या किचनमधला सगळ्यात वरचा डबा तिला टाचा न उचलता मिळतो. रविवारी ती ऊद मेथाच्या चर्चमध्ये गाते आणि त्यासाठी शनिवारी केस धुते. केस धुणं म्हणजे आपलं शॅम्पू, टॉवेल, खलास, असं नव्हे. सकाळी सुरू झालेलं प्रकरण दुपारच्या जेवणानंतरही चालू असतं. एकेक बट सोडवायची, तेल लावायचं, पिळायची, वेणी घालायची. तेवढा वेळ एकटीला कंटाळा येतो म्हणून ती दार उघडं ठेवते. पहिल्या शनिवारी आई तिला थालीपीठ द्यायला म्हणून गेली आणि दोन तासांनी परत आली, तेल लावलेल्या डोक्याने.

तिथे तिसरी असते ती समोरच्या फ्लॅटमधली मरियमबी खाला. खाला मूळची रत्नागिरीकडची. तिचा नवरा वलीचाचा फुजैराला जहाजांना सामान पुरवतो आणि सुट्टीला घरी येतो. खालाकडे गावाहून खोबरेल येतं, कोलाच्या मोठ्या बाटलीत. मिसने त्या तेलाचा वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "जीझस." खाला म्हणाली, "नाय, नाय, आमच्या भावाचा घाणा हाय." अशी त्यांची दोस्ती.

मिसच्या खुर्चीचा एक कायदा आहे. डायनिंगची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवलेली असते. त्यात जी बसेल तिच्या डोक्याला मिस तेल लावणार. बदल्यात बसणारीने आपल्या शरीराबद्दलची एक गोष्ट सांगायची, घरी कुणाला न सांगितलेली. मिसच्या आईचं पार्लर होतं, पार्लर म्हणजे घरचं स्वयंपाकघरच. गल्लीतल्या बाया केस करून घ्यायला यायच्या.

"तोंड फिरवून बसलं की बाईचं त्वांड सुटतंय," मिस म्हणते. "मागं कोन हाय दिसत न्हाय. डोक्यावर हात असतोय. डाक्टरला न सांगितल्यालं समदं माझ्या आईच्या कानावर पडायचं."

मला हे एकदम पटलं. आई माझ्या वेण्या घालायची तेव्हा मीही शाळेतलं सगळं ओकून टाकायचे.

तर अशाच एका शनिवारी, ऑक्टोबरात, आई खुर्चीत होती. मिसने विचारलं, छातीची तपासणी शेवटची कधी केलीस?

आई एकदम ताठ झाली, पहिला नंबर आल्यासारखी. "एव्हरी टू इयर्स! रेग्युलर!"

मिसचा कंगवा थांबला. "खरं? आगं माझी शानी बाय!"

"व्हिसा मेडिकल," आई म्हणाली. "ब्लड टेस्ट, आणि छातीचा फोटो. इकडे गव्हर्नमेंट स्वतः करून घेतं. काही असतं तर व्हिसा दिलाच नसता ना!"

खालाने मान डोलावली. "अल्लाचा शुकर, एवढ्या वर्षांत एकदा पण रिजेक्ट नाय झाली मी."

मिस आधी हसली. इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मग दोघींचे चेहरे बघितले आणि तिचं हसू हळूहळू उतरलं. "बायांनो, त्यो फोटो फुप्फुसाचा हाय. सरकारला तुमचा टीबी बघायचाय. तुमच्या छातीत गाठ हाय का न्हाय, त्ये त्यात दिसत न्हाय."

"तोबा," खाला म्हणाली.

आईला मी फार हसू शकले नाही, कारण बाबांचंही तेच मत आहे, आणि बाबांच्या कॉन्ट्रॅक्टिंगच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं. एमिरेट्स आयडी नवीन आलं की बाबा ते हातात घेऊन म्हणतात, "चला, बॉडी ओके. दोन वर्षं बघायला नको." जणू गाडीचं पासिंग.

पण आई हरली तरी मुकाट बसत नाही. "तरी पण कशाला?" ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "उगाच शोधायला गेलं की सापडतं. आणि तसलं बोलूच नये गं. वास्तू तथास्तु म्हणते."

मिसने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "इट मीन्स द हाउस इज लिसनिंग. यू से समथिंग बॅड, द हाउस सेज, ओके, ग्रँटेड."

मिसच्या हातातली बट सुटली. "आमच्यात बी हाय ह्ये," ती हळूच म्हणाली. तिच्या मावश्या रोगाचं नाव तोंडाने घेत नाहीत. नाव घेतलं की तो आपला झाला. डायबिटीस कुणाला होतच नाही तिकडे. फक्त 'अ लिटल शुगर' असते.

"आमच्याकडे पण!" आई ओरडली. "थोडीशी शुगर!"

दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या. मग मिस म्हणाली, "आन् माझ्या तिन्ही मावश्यांचं पाय गेलं त्या थोड्याशा शुगरीत." तेल लावणं पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात आई आणि खालाची अपॉइंटमेंट ठरली.

दवाखान्याचाही मिसचा कायदा आहे. एकटीने जायचं नाही. बरोबर एक मोठ्या आवाजाची बाई पाहिजे. हे मी प्रत्यक्ष बघितलं. आईला डॉक्टरसमोर बसवलं की तिच्या तोंडून दोनच शब्द निघतात. डॉक्टरांनी "मिसेस कमलिनी?" एवढं विचारलं तरी, "येस डॉक्टर." ते खोकले तरी, "येस डॉक्टर." मिस शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे.

"पुन्यांदा सांगा," मिस म्हणाली. "सावकाश. आन् कशावरनं म्हंता?"

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. आईचं खरंच नॉर्मल होतं. खालाच्याही छातीत काही नव्हतं, पण रक्तदाब मोजणारी नर्स आकडा बघून दोनदा मोजायला लागली. खालाला गोळी सुरू झाली. "मला वाटायचं वलीच डोकं दुखवतो," ती म्हणाली. "बिचाऱ्याला एवढी वर्षं उगाच बोलले."

बाहेर काउंटरवर एक गुलाबी स्कार्फवाली मुलगी होती. तिने हसून विचारलं, "अँड यू, मॅम? आम्ही तुमचंही आजच बुक करू?"

"ओ, आय'म ब्लेस्ड, शुगर," मिस म्हणाली. म्हणजे देवाची कृपा आहे, बाय, मला गरज नाही.

आवाजाच्या बाबतीत माझा कान सहसा चुकत नाही. तो आवाज मिसचा नव्हता. वरच्या पट्टीतला, पातळ, घाईघाईचा. दार ढकलून बंद करणारा.

गाडीत मागे बसलेल्या खालाने सरळ विचारलं, "मिस, तुमचा कधी झाला?" मिसने एसी वाढवला. खालाने दुसऱ्यांदा विचारलं. मिस म्हणाली, काय ट्रॅफिक आहे ना. रस्त्यावर ट्रॅफिक नव्हतं. आईने आरशातून खालाकडे पाहिलं. दोघींना कळलं, आणि मलाही.

"नेव्हर?" आईने विचारलं.

"यल्ला, मिस कमलिनी, ड्राइव्ह."

पुढच्या शनिवारी आमचं तेल-थालीपीठ घेऊन आम्ही गेलो तेव्हा मिस नेहमीसारखी खुर्चीच्या मागे उभी होती. आईने तिच्या हातातला कंगवा काढून घेतला. "सिट," ती म्हणाली.

"माझं क्यास वलं हाईत."

"सिट."

मी मिसला त्या खुर्चीत कधी पाहिलं नव्हतं. बसल्यावर ती एकदम लहान दिसली. आईने रत्नागिरीचं तेल तळहातावर घेतलं. खिडकीबाहेर एका मोकळ्या प्लॉटवर कामगार क्रिकेट खेळत होते. त्यांची एक ओव्हर झाली असेल तेव्हा मिस बोलायला लागली.

तिची आई गल्लीतल्या सगळ्या बायांच्या गाठी, शुगरी, पाळ्या जाणून होती. स्वतः मात्र कायम खुर्चीच्या मागे. एके वर्षी तिच्या काखेत दुखायला लागलं. मुलींना त्रास नको म्हणून एकटीच दवाखान्यात गेली. तिथे सांगितलं, केस करून करून खांदा धरलाय, जरा वजन कमी करा. परत गेली. परत तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिथला माणूस तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "यू'र अ स्ट्राँग वुमन." वर्षभराने दुसऱ्या शहरात कुणीतरी नीट तपासलं. तोवर उशीर झाला होता.

"आमच्यातल्या बाईला स्ट्राँग म्हनलं की समजायचं," मिस म्हणाली, "आता हिचं कुनी ऐकनार न्हाय."

"आमच्याकडे सोशिक म्हणतात," आई म्हणाली. ते मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. पण मिसने मान हलवली, जणू कळलं.

"मी गाठीला भीत न्हाय. त्या खोलीला भिते. मी आत एकली, आन् मी सांगतीय, आन् समोरचा मानूस घड्याळ बघतोय."

"मग आम्ही आहोत ना," खाला म्हणाली. "आम्ही येतो बरोबर."

मिसने मान वळवून दोघींकडे पाहिलं आणि त्या परिस्थितीतही तिला हसू फुटलं. "तुमी दोघी? डाक्टर शिंकला तर येस डाक्टर म्हंता तुमी!"

आईला हे लागलं. घरी येऊन तिने पोळ्या लाटल्या त्या अशा की ओट्यावरचे डबे हलले. मग मला म्हणाली, "ए, तू डॉक्टर हो."

मला काय, सांगायचीच खोटी. मी चष्मा नाकावर आणला, पेन फिरवलं आणि त्या दिवशीच्या डॉक्टरांचा गुळगुळीत आवाज काढला. "नथिंग टु वरी अबाउट, मॅडम."

"येस डॉ..." आईने स्वतःच्या तोंडावर हात मारला. "परत."

आठवडाभर हेच. खालाही यायची. खालाचा त्रास उलटा. ती सुरुवातीलाच भांडायची. मी नुसतं "प्लीज सिट" म्हटलं तरी, "का बसू? आधी सांगा!" आई मात्र काही केल्या 'येस डॉक्टर'च्या पुढे जाईना. इंग्रजी सुरू झालं की तिचा आवाज अर्धा व्हायचा.

आणि मग हम्मादचा फोन आला. आईचं टिफिनचं किचन आहे, तिथे हम्माद कांदे पुरवतो. आईने फोन कानाला लावला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती दुसरीच बाई झाली. "हम्माद भाई, ये प्याज है? ऊपर का दिखा के नीचे का देते हो? कल का है या परसों का? नहीं, नहीं, बोलो मत. बोरी खोल के दिखाओ. अभी. व्हिडिओ पे."

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "मम्मा, दॅट'स इट. डॉक्टर म्हणजे हम्माद."

आई माझ्याकडे बघत राहिली. "डॉक्टरला बोरी खोलायला सांगू?"

"एक्झॅक्टली."

शनिवारी आई मिसच्या दारात गेली आणि तिने बेल वाजवली नाही, दार ठोठावलं. "बुधवार, तीन वाजता," ती म्हणाली. "आपण चौघी. मी बोलणार."

मिसने तिला आपादमस्तक न्याहाळलं. हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. मंगळवारी रात्री आई म्हणाली, "येणार नाही बघ ती." बुधवारी अडीच वाजता मिस लिफ्टपाशी उभी होती, चर्चला जातानाचा जांभळा झगा घालून.

मशीनच्या खोलीत आम्हाला जाऊ दिलं नाही. मिस बाहेर आली, बसली, म्हणाली, झालं, चला. मग नर्सने येऊन सांगितलं की सोनोग्राफीही करायची आहे. मिसचा चेहरा राखेसारखा झाला. खालाने तिचा हात धरला तो सोडलाच नाही, त्यामुळे सोनोग्राफीच्या खोलीत खालाही गेली. आणि शेवटी आम्ही सगळ्या डॉक्टरांच्या समोर. तीन खुर्च्या आणि उभी मी.

डॉक्टर तरुण होते, थकलेले. "नथिंग टु वरी, मॅम. सी यू इन सिक्स मंथ्स," ते म्हणाले आणि फाइल मिटली.

मिस उठायला लागली. एवढी मोठी बाई, एवढ्या मोठ्या आवाजाची, आणि निमूट पर्स उचलत होती. मी आईकडे पाहिलं. आईने पदर नसलेल्या कुर्त्यावर पदर खोचल्यासारखं केलं.

"डॉक्टर," ती म्हणाली. हम्मादवाला आवाज. "व्हाय सिक्स? नॉट वरी, देन व्हाय सिक्स मंथ्स? टॉप वन यू आर टेलिंग, बॉटम वन यू आर नॉट टेलिंग. ओपन. शो मी."

मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग मिसकडे, बहुधा पहिल्यांदाच नीट. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. दाखवलं. इथे हे गोल आहे, ते पाण्याने भरलेलं आहे, कड गुळगुळीत आहे, ते निरुपद्रवी. पण शेजारी ही बारीकशी जागा आहे. बहुतेक काही नाही. ती बदलते का हे बघायचं, म्हणून सहा महिने. तीन महिन्यांत बदल दिसणार नाही, वर्ष थांबणं बरोबर नाही.

"ओके," आई म्हणाली. "धिस इज गुड ॲन्सर."

डॉक्टर हसले. ते हसले म्हणून असेल, किंवा पडदा अजून आमच्याकडे होता म्हणून असेल, मिसने घसा साफ केला.

"मला दुखतंय तितं," ती म्हणाली. "कवाकवा. काखेजवळ."

हे तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. खुर्चीतसुद्धा नाही.

मी डॉक्टरांकडे बघत होते. भिंतीवर, त्यांच्या समोरच, घड्याळ होतं. त्यांनी पेन उचललं, फाइल पुन्हा उघडली आणि विचारलं, "केव्हापासून?" आणि थांबले. मिसला उत्तर द्यायला वेळ लागला, तेवढा वेळ ते थांबले. मग तपासणीच्या टेबलापुढचा कापडी पडदा ओढून, आम्हाला बाहेर ठेवून त्यांनी तिची काख, खांदा सगळं तपासलं. दुखणं स्नायूचं वाटतं, ते म्हणाले, पण त्यांनी ते लिहून घेतलं, काय करायचं ते सांगितलं आणि वाढलं तर सहा महिने थांबू नका, त्याच दिवशी या, म्हणाले. आईने तेही दोनदा वदवून घेतलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मिसने पर्समधून टिश्यू काढला, चेहरा पुसला आणि फोन लावला. तिकडे जॉर्जियात सकाळ होती. तिची धाकटी बहीण ओडेसा फोनवर आली. स्पीकरवरचा आवाज हुबेहूब मिसचा. माझ्यासारखीलाही दोघींत फरक सापडेना.

"काय गं, येवड्या सकाळच्याला? समदं बरं हाय न्हवं?"

"दवाखान्यात गेल्ते," मिस म्हणाली. "छातीची तपासनी क्येली."

पलीकडे काहीतरी तळल्याचा चर्र आवाज येत होता, तो बंद झाला. ओडेसाने गॅस बंद केला असणार. फोन कट झाला असं वाटून मिसने पडदा बघितला.

मग ओडेसाने विचारलं, अगदी बारीक आवाजात, "दुखलं का गं?"

आईला पाच वाजता किचनला पोचायचं होतं, संध्याकाळचे डबे होते. तिने किल्लीवरचा हात काढून घेतला आणि सीटला पाठ टेकली. मागे खालाने चपला काढून पाय वर घेतले. आणि मिस बहिणीला सांगायला लागली, अगदी पहिल्यापासून, ते मशीन हाताला किती गार लागतं तिथपासून.